दिवसाचं मराठी आणि रात्रीचं मराठी: 'मेक इन्स्टॉल'ने केलेल्या घोळाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका गाळ्याच्या पहिल्या मजल्यावर जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करून देणारं एक छोटं युनिट आहे. खाली लेथचं वर्कशॉप, वर ही मंडळी. सात माणसं, दोन स्कॅनर, चार लिनक्स मशीनं. नावगाव सांगत नाही. माणसंही इथे त्यांच्या कामानेच ओळखायची. मी त्यांची नोकरदार नाही. काही अडलं की फोन येतो आणि मी जाते, एवढंच नातं.

काम वाचनालयांकडून येतं. पुस्तकं बहुतेक १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीची. म्हणजे 'कांहीं', 'नाहीं', 'असें', डोक्यावर अनुस्वारांचा सडा. छपाई खिळ्यांची, वळण बऱ्याचदा निर्णयसागर छापखान्याच्या टाइपाचं, कागद बिस्किटाच्या रंगाचा. स्कॅन केलेल्या पानातून मजकूर काढायला ते टेसरॅक्ट वापरतात. ह्यूलेट-पॅकार्डमध्ये १९८०च्या दशकात सुरू झालेला हा प्रोग्राम २००५ मध्ये खुला झाला, पुढे बरीच वर्षं गूगलने सांभाळला आणि २०१८च्या चौथ्या आवृत्तीपासून न्यूरल नेटवर्कवर चालायला लागला. मराठीसाठी फुकटात याहून बरं काही हाताशी नव्हतं.

चारही मशीनांवर तेव्हा उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) २२.०४. या उबुंटूच्या रिपॉझिटरीत (तयार सॉफ्टवेअरच्या भांडारात) टेसरॅक्ट ४.१.१ आहे, पाचवी आवृत्ती नोव्हेंबर २०२१च्या अखेरीस आली, तरी एप्रिल २०२२च्या उबुंटूत चारच राहिली. युनिटमधल्या तेव्हाच्या इंजिनिअरला (त्याला 'पहिला' म्हणू) पाच हवी होती. त्याने सोर्स (प्रोग्रामचा मूळ कोड) उतरवला आणि तो मशीनवर बांधून बसवणारे आदेश एकामागून एक दिले: ऑटोजेन, कॉन्फिगर, मेक, मग सुडो (व्यवस्थापकाचे अधिकार) लावून मेक इन्स्टॉल. लेप्टोनिका ही चित्रं हाताळणारी लायब्ररीही (इतर प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड) त्याने तशीच सोर्समधून बसवली. शिवाय त्याने एक खरोखर चांगलं काम केलं. तिथे मुद्रितं तपासणाऱ्या काकूंना शेजारी बसवून जुन्या पुस्तकांतल्या ओळी टाइप करून घेतल्या आणि त्यांवर मराठीचं मॉडेल (अक्षरं ओळखायला शिकवलेली फाइल) पुन्हा शिकवलं. नव्या मॉडेलला 'कांहीं'वरचे दोन्ही बिंदू दिसायला लागले. ही त्या युनिटची खरी पुंजी.

२०२३ मध्ये पहिला पुण्याला नोकरी लागून गेला. जाताना त्याने पासवर्ड लिहून दिले. बाकी काही लिहून देण्यासारखं आहे असं त्यालाही वाटलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

अडचण

जून २०२४. पाऊस नुकता लागला होता. मालकांचा फोन: "मॅडम, स्कॅनरची काच दोनदा पुसली, तरी मधली पानं खराब येतायत."

खराब म्हणजे काय, ते काकूंनी दाखवलं. साडेतीनशे पानांचं एक चरित्र. त्यात त्या 'दुसऱ्या' हा शब्द शोधत होत्या. पहिल्या दीडशेएक पानांत तो सापडत होता, शेवटच्या साठ पानांत सापडत होता, मधल्या भागात एकदाही नाही. "अगं, हे बघ, समोर दिसतोय की!" म्हणत त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. दिसत होताच. शोधल्यावर मात्र शून्य. त्याच मधल्या पानांत 'कांहीं'चं 'काही' झालं होतं, 'असें'चं 'असे'. जणू त्या पानांपुरतं कुणीतरी १९६२ नंतरचं मराठी लिहून ठेवलं होतं.

मी तो शब्द दोन्हीकडून उचलला आणि अक्षरन् अक्षर सुटं करून पाहिलं. चांगल्या पानावर 'ऱ्या'ची सुरुवात ऱ, हलन्त, य अशी होती. खराब पानावर र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह, मग य. डोळ्याला दोन्ही सारखेच. युनिकोडच्या (संगणकात अक्षरांना आकडे देण्याच्या पद्धतीच्या) लेखी मात्र ते वेगळे क्रम आहेत आणि नेहमीचं नॉर्मलायझेशन (समान क्रम एकाच रूपात आणणं) केलं तरी एक होत नाहीत. नुक्ता असलेला ऱ सुटा होऊन र आणि नुक्ता बनू शकतो, पण अदृश्य चिन्ह घातलेला र त्यात कधीच विरघळत नाही. काकूंनी मॉडेल शिकवताना ऱ वापरून टाइप केलं होतं. मग हा दुसरा क्रम आला कुठून?

काच, दमट हवा, कागद, सगळ्यांना इथेच सुट्टी मिळाली. ओल्या काचेमुळे अक्षर पुसट होईल, त्याचा युनिकोड क्रम बदलणार नाही. दोन वेगळ्या मॉडेलांनी एकच पुस्तक वाचलं होतं.

तपास

मधली पानं कधी वाचली गेली? फायलींच्या वेळा पाहिल्या तर सगळी रात्री दहा ते पहाटे चारमधली. दिवसाची पानं ऑपरेटर टर्मिनलवरून चालवतो, रात्रीची क्रॉन (ठरलेल्या वेळी आपोआप काम लावणारा प्रोग्राम) चालवतं. दोन्ही एकाच, दोन नंबरच्या मशीनवर.

त्या मशीनवर 'टाइप' या आदेशाला टेसरॅक्टची सगळी ठिकाणं विचारली. टेसरॅक्ट दोनदा निघालं: /यूएसआर/लोकल/बिनमध्ये एक, /यूएसआर/बिनमध्ये एक. टर्मिनलवर बसलेल्या माणसाच्या पाथमध्ये (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) लोकल आधी येतं, म्हणून त्याला पाच मिळते. उबुंटूवर वापरकर्त्याच्या क्रॉनटॅबचा पाथ मात्र, स्वतःहून काही लिहिलं नाही तर, /यूएसआर/बिन आणि /बिन एवढाच. तिथे लोकल नाहीच. रात्री चौथी आवृत्ती चालत होती, भांडारातल्या मॉडेलसकट.

डीपीकेजीला (बसवलेल्या पॅकेजांची नोंद ठेवणारं उबुंटूचं हत्यार) विचारलं, ही दोन टेसरॅक्टं कुणाची? बिनमधल्याचं पॅकेज त्याने लगेच सांगितलं. लोकलमधल्याबद्दल उत्तर एका ओळीचं: असा पाथ कुठल्याच पॅकेजमध्ये सापडला नाही. मेक इन्स्टॉल फायली जागेवर कॉपी करून मोकळं होतं. कुठली फाइल कुठून आली याची नोंद करायला ते कुणाकडेही जात नाही.

चौथी आवृत्ती तिथे आली कशी, हे ऑपरेटरने स्वतःच सांगितलं. बिचारा घाबरला होता. "मॅडम, एप्रिलमध्ये रात्रीचं काम लावलं तेव्हा क्रॉन म्हणायचं टेसरॅक्ट सापडत नाही. मग मी ॲप्टने इन्स्टॉल केलं. मराठीचं पण. चुकलं का माझं?" चुकलं नव्हतं. ॲप्ट हे भांडारातून पॅकेज आणून बसवणारं हत्यार, आणि कुठलीही मार्गदर्शिका तेच वापरायला सांगते. त्याच्या दृष्टीने टेसरॅक्ट खरंच सापडत नव्हतं आणि ते बसवल्यावर काम सुरूही झालं. चूक दिसत नव्हती, हीच पंचाईत.

पुढचा धक्का आवृत्ती विचारल्यावर बसला. टेसरॅक्टला आवृत्ती विचारली की ते स्वतःसोबत लेप्टोनिकाचीही सांगतं. बिनमधल्या ४.१.१ ने सांगितली १.८०. उबुंटू २२.०४ मध्ये तर १.८२ आहे! उबुंटूवर लायब्ररी शोधण्याच्या यादीत /यूएसआर/लोकल/लिब आधी लागतं. रेड हॅट या दुसऱ्या लिनक्सच्या घराण्यात ते यादीत मुळात नसतं, त्यामुळे तिकडून आलेल्या माणसांना हे पटकन सुचत नाही. म्हणजे भांडारातल्या टेसरॅक्टला पहिल्याने हाताने बसवलेली जुनी लेप्टोनिका चिकटली होती. धड हे नाही, धड ते नाही.

बाकीची मशीनं पाहिली. एक, दोन आणि चारवर ५.२.०. तीनवर ५.३.०, पुढे ४६ हा आकडा आणि गिटच्या (सोर्समधले बदल नोंदवणारं हत्यार) कमिटची, म्हणजे एका नोंदलेल्या बदलाची, खूण, म्हणजे ५.३.० नंतरच्या सेहेचाळिसाव्या कमिटवरून बांधलेलं. मराठी मॉडेलच्या फाइलचे चेकसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा) काढले. चार मशीनांवर मिळून एकाच नावाच्या तीन वेगळ्या फायली निघाल्या: पहिल्याची जुनी, पहिल्याची सुधारलेली आणि उबुंटूची. तिन्हींचं नाव 'मार' (mar, मराठी भाषेचा संकेत). आदेशात भाषा म्हणून 'मार' लिहिलं की कुठली मिळेल ते मशीन आणि वेळ ठरवणार.

पहिल्याला पुण्याला फोन लावला. तो मनापासून बोलला. "ताई, तीन नंबरवर एकवरचंच लोकल फोल्डर कॉपी केलं होतं. पण तिथे काही पानांवर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' येऊन पडायचं. मग तिथेच नवीन सोर्स घेऊन बांधलं." कारण एक नंबरच्या शेल हिस्टरीत सापडलं: कॉन्फिगरला त्याने 'मार्च नेटिव्ह' हा पर्याय दिला होता. त्याने कंपायलर त्याच मशीनच्या प्रोसेसरला जे जे येतं ते सगळं वापरतो. तीन नंबरचा प्रोसेसर जुना. नव्या सूचना त्याला कळेनात. गंमत अशी की टेसरॅक्टमधला वेगाचा महत्त्वाचा भाग चालू होताना प्रोसेसर ओळखून योग्य कोड निवडतोच. पहिल्याला त्या पर्यायातून फारसं काही मिळालं नसणार, नि गमावली ती फाइल दुसरीकडे नेण्याची सोय.

पर्याय

मालकांना सगळं सांगितलं. ते हिशोबी माणूस, लगेच म्हणाले, "मग क्रॉनमध्ये ती एक ओळ घाला आणि मोकळे व्हा."

हा पर्याय खोटा नव्हता. क्रॉनटॅबच्या डोक्यावर पाथची ओळ लिहिली की रात्रीचं मराठी दिवसासारखं होणार. खर्च दोन मिनिटं. पण तीन नंबरचं वेगळं मॉडेल तसंच राहणार, आणि पुढे कुणी नवं मशीन घेतलं तर हीच कहाणी पुन्हा. मी ती ओळ त्याच दुपारी घातली, मालकांना मात्र हे मलम आहे असं सांगितलं.

दुसरा पर्याय चेकइन्स्टॉल. मेक इन्स्टॉल काय काय ठेवतं ते पाहून त्याचं पॅकेज बनवणारं हे हत्यार. नोंद तरी होते. पण कुठल्या लायब्ररीवर विसंबून आहे हे ते आपणहून लिहीत नाही आणि बांधणी होते त्याच अस्ताव्यस्त मशीनवर. लोकलमधली जुनी लेप्टोनिका त्यालाही चिकटली असती.

तिसरा, लाँचपॅड या उबुंटूच्या साइटवरचं टेसरॅक्ट पाचचं पीपीए, म्हणजे इतरांनी बांधून ठेवलेल्या पॅकेजांची रिपॉझिटरी. दहा मिनिटांचं काम आणि बांधणारी माणसं जाणती. मला नको वाटलं ते अशासाठी की आवृत्ती आपल्या हातात राहत नाही. पुस्तक अर्धं वाचून झालेलं असताना अपग्रेड आलं तर पुन्हा दोन मराठी. खरं तर ॲप्टला 'होल्ड' (ही आवृत्ती बदलू नको) सांगून हे टाळता येतं. हे मला माहीत होतं आणि तरी मी पीपीए नाकारलं. का, ते पुढे येईलच.

चौथा, कंटेनर, म्हणजे प्रोग्राम त्याच्या सगळ्या सरंजामासकट बंद केलेली पेटी. डॉकरमध्ये सगळं बांधून तीच इमेज चारीकडे. तांत्रिकदृष्ट्या देखणा. पण युनिटमध्ये डॉकर कुणालाच येत नव्हतं, आणि बिघाड झाल्यावर मला फोन करण्यापलीकडे ऑपरेटरच्या हाती काही उरलं नसतं. ॲप्ट त्याला येत होतं, हे त्याने सिद्धच केलं होतं!

पाचवा, उबुंटू २४.०४ वर जायचं. तिच्यात ५.३.४ आयतंच आहे. अडचण दोन ठिकाणी. दीर्घ मुदतीच्या एका आवृत्तीवरून पुढच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर जायचं आमंत्रण पहिली दुरुस्ती-आवृत्ती आल्यावरच मिळतं, म्हणजे ऑगस्टपर्यंत थांबणं आलं. आणि स्कॅनरच्या ड्रायव्हरची २४.०४ वर चाचणी कुणी केलेली नव्हती. हातात जुलैअखेर द्यायची पुस्तकं.

सहावा, स्वतः नीट डेब (ॲप्टला बसवता येणारं) पॅकेज बांधायचं. उबुंटू २४.०४ चाच सोर्स घ्यायचा, त्यातली डेबियनच्या (उबुंटू ज्यावर उभं आहे ते लिनक्स) लोकांनी लिहिलेली बांधणीची कृती जशीच्या तशी ठेवायची आणि २२.०४ साठी पुन्हा बांधायचं.

मी सहावा निवडला. आज मागे वळून पाहते तर त्या निवडीत थोडी हौस होती, हे मान्य करायला हवं. पॅकेज बांधणं मला आवडतं. पीपीएविरुद्धची माझी कारणं या आवडीने जरा फुगवली होती.

काय केलं

आधी साफसफाई. पहिल्याने दोन आणि चारवरची बांधणीची फोल्डरं जागा करायला पुसली होती, त्यामुळे मेक अनइन्स्टॉल चालवायला जागाच नव्हती. लोकलमधल्या फायली अंदाजाने उडवायची माझी हिंमत नाही. तिथे स्कॅनरवाल्यांच्याही दोन-चार गोष्टी होत्या. म्हणून ५.२.० चा सोर्स पुन्हा आणला, त्याच पर्यायांनी कॉन्फिगर केला आणि डेस्टडिरला (फायली कुठे ठेवायच्या ते सांगणारा पर्याय) एक रिकामं फोल्डर देऊन मेक इन्स्टॉल केलं. त्या फोल्डरमध्ये जे पडलं तीच यादी. ती यादी हातात घेऊन खऱ्या लोकलमधून एकेक फाइल काढली, मग लायब्ररींची यादी ताजी करायला एलडीकॉन्फिग. तीन नंबरसाठी आवृत्तीतली गिटची खूण कामी आली. नेमका तोच कमिट उतरवता आला. लेप्टोनिकाचंही तसंच. या कामात एक अख्खा शनिवार गेला, मध्ये काकूंनी आणलेली साबुदाण्याची खिचडी एवढाच विसावा.

बांधणी मी पीबिल्डरमध्ये केली. हे हत्यार प्रत्येक वेळी कोरं २२.०४ उघडतं, त्यात सोर्समध्ये जाहीर केलेल्या गोष्टीच बसवतं आणि बांधून झालं की सगळं फेकून देतं. आपल्या मशीनवर योगायोगाने असलेली लायब्ररी तिथे नसते, म्हणून विसरलेलं अवलंबित्व लगेच उघडं पडतं. टेसरॅक्टच्या बाबतीत डेबियनवाल्यांनी काही विसरलेलं नव्हतं, पहिल्याच फेरीत पॅकेजं तयार. लेप्टोनिका १.८२ त्याला पुरली, म्हणजे ती हाताने बांधायची गरज आधीही नव्हती. लायब्ररीच्या पॅकेजच्या नावातच पाच असल्याने ती चारच्या लायब्ररीशेजारी सुखाने राहते.

तापदायक निघालं ते मॉडेलचं पॅकेज, जे मी दहा मिनिटांचं समजत होते. बांधताना मॉडेल कार्यालयातल्या सर्व्हरवरून उतरवायचं, असं मी कृतीत लिहिलं होतं. पीबिल्डरच्या कोऱ्या खोलीत नेटवर्क बंद असतं. बांधणी तिथेच अडली. चिडले, मग लक्षात आलं की बरंच झालं. सर्व्हरवरची फाइल उद्या कुणी बदलली असती तर त्याच आवृत्तीच्या नावाने वेगळं पॅकेज बांधलं गेलं असतं. मॉडेलची फाइलच सोर्समध्ये ठेवली, चेकसमसकट. चार मशीनांवरच्या दोन घरगुती मॉडेलांपैकी कुठलं खरं, हा निर्णय काकूंचा. त्यांनी वीस पानं दोन्हींनी वाचून घेतली, लाल पेनाने चुका मोजल्या आणि तीन नंबरवरचं निवडलं. त्याचं नाव बदलून 'मार-जुनी' केलं, जेणेकरून उबुंटूच्या 'मार'शी गल्लत होऊच नये.

मग बसवून पाहिलं. पॅकेज कुरकुर न करता बसलं आणि पहिल्याच पानाला म्हणालं, डेटाची फाइल उघडत नाही. २२.०४ मधली भाषांची पॅकेजं आपल्या फायली '४.००' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतात, २४.०४ चं टेसरॅक्ट त्या '५' नावाच्या फोल्डरमध्ये शोधतं. इंग्रजीचं पॅकेज हवं, ते आहे, म्हणून ॲप्ट खूश. फाइल मात्र भलत्या फोल्डरमध्ये. घाई होती. मी इंग्रजी, पानाची दिशा ओळखणारं ओएसडी, उबुंटूचं मराठी आणि आमचं 'मार-जुनी', चारही फायली आमच्याच डेटा पॅकेजमध्ये कोंबल्या आणि '५'मध्ये ठेवल्या. चाललं. हा निर्णय मी पाच मिनिटांत घेतला. महागात तोच पडला.

शेवटी ॲप्टली (रिपॉझिटरी बनवणारं हत्यार) वापरून एका मशीनवर छोटी रिपॉझिटरी, तिला सहीची किल्ली आणि चारही मशीनांच्या ॲप्टला तिचा पत्ता. रात्रीच्या कामात आणखी एक सुधारणा केली: सुरू होताना टेसरॅक्टची आणि डेटा पॅकेजची आवृत्ती लॉगमध्ये लिहायची. चारही मशीनांवर एकच उत्तर आलं तेव्हा ऑपरेटरने त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला.

निकाल

खराब पानं शोधणं अपेक्षेपेक्षा सोपं गेलं. टेसरॅक्ट एचओसीआर प्रकारची (ओळखलेला मजकूर आणि त्याच्या जागा असलेली) फाइल लिहितं तेव्हा तिच्या डोक्यावर स्वतःची आवृत्ती नोंदवतं. ग्रेप या शोधायच्या आदेशाने ४.१.१ शोधलं की एप्रिलपासूनची रात्रीची सगळी पानं यादीत. मॉडेल कुठलं होतं हे मात्र त्यात नसतं. तीन नंबरची पानं ५.३.० वरून ओळखता आली, हा केवळ योगायोग.

यादीत एक अडचणीची गोष्ट निघाली. तीन पुस्तकं आधीच एका वाचनालयाला दिलेली होती. मालक थोडा वेळ गप्प बसले. "त्यांना कळणार नाही," असं कुणीतरी म्हणालं. काकू म्हणाल्या, "'दुसऱ्या' शोधलं तर कळेल." मालकांनी स्वतः फोन केला, चूक सांगितली आणि नवी प्रत विनामूल्य दिली. पुन्हा वाचायला मशीनला चार रात्री लागल्या, तपासायला काकूंना तीन आठवडे. जुलैची मुदत आठ दिवसांनी हुकली.

ऑक्टोबरमध्ये स्कॅनरचा ड्रायव्हर २४.०४ वर चालतो असं पाहून चार नंबरचं मशीन अपग्रेडला लावलं. मध्येच थांबलं. उबुंटूचं इंग्रजीचं पॅकेज आता आपली फाइल '५' फोल्डरमध्ये ठेवायला आलं होतं आणि ती जागा आमच्या डेटा पॅकेजने बळकावलेली. डीपीकेजी दुसऱ्या पॅकेजच्या फाइलवर फाइल लिहू देत नाही, ते बरोबरच आहे. अर्धवट अपग्रेड झालेलं मशीन, बाहेर धो धो परतीचा पाऊस, आणि मी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये फोनवर ऑपरेटरला एकेक अक्षर सांगतेय. आमचं डेटा पॅकेज काढून टाकलं, ॲप्टला तुटलेलं जोडायला सांगितलं, गाडी पुढे सरकली. घरी पोचल्यावर फक्त 'मार-जुनी' असलेलं नवं डेटा पॅकेज बांधलं.

दोन दिवसांनी आणखी एक गोष्ट दिसली. त्या मशीनवर टेसरॅक्ट अजून आमचंच होतं, उबुंटूचं नव्हतं. मी आवृत्ती लिहिताना उबुंटूच्या आकड्यापुढे सरळ 'ठाणे१' जोडलं होतं, म्हणून ती उबुंटूच्या मूळ आवृत्तीपेक्षा वरचढ ठरली. अपग्रेड बाहेरच्या रिपॉझिटरी बंद करतो, आमचीही बंद झाली होती. म्हणजे मशीनवर एक पॅकेज होतं ज्याचा उगम आता कुठल्याच यादीत नव्हता. पहिल्याच्या लोकल फोल्डरवर मी तोंडसुख घेतलं होतं आणि चार महिन्यांत तसंच पोर स्वतः तिथे सोडलं होतं. फरक इतकाच की या वेळी ॲप्ट पॉलिसी विचारल्यावर ते कबूल तरी करत होतं.

पुन्हा करायचं झालं तर

आवृत्तीत 'ठाणे१'च्या आधी लाटेसारखं टिल्ड चिन्ह हवं होतं. डेबियनच्या क्रमवारीत टिल्ड सगळ्याच्या, अगदी रिकाम्या जागेच्याही खाली लागतं. त्यामुळे उबुंटूची खरी आवृत्ती आली की आपली आपोआप मागे सरते. बॅकपोर्ट करणारे (नवी आवृत्ती जुन्या उबुंटूसाठी बांधणारे) हे नेहमी करतात. मलाही ठाऊक होतं; बदलांची नोंद लिहिणाऱ्या हत्याराने सुचवलेलं मी न वाचता स्वीकारलं.

इंग्रजी आणि ओएसडी आमच्या पॅकेजमध्ये घालायलाच नको होते. उबुंटूचा भाषांचा सोर्स पॅकेजही टेसरॅक्टसोबत पुन्हा बांधला असता तर फायली योग्य नावाच्या पॅकेजमधून योग्य फोल्डरमध्ये गेल्या असत्या. तो सोर्स शंभराहून जास्त भाषांचा आहे, उतरवायलाच कंटाळा आला, म्हणून मी आडवाट धरली.

मोठा प्रश्न इंजिनचा. चारही मशीनं २४.०४ वर गेल्यावर आमची टेसरॅक्टची पॅकेजं टाकून दिली, उबुंटूचं ५.३.४ पुरतं. ज्या बांधणीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला ती तीन-चार महिने जगली. तेवढ्यासाठी पीपीए घेऊन होल्ड लावलं असतं तरी भागलं असतं, आणि तो वेळ मॉडेलच्या पॅकेजला देता आला असता. माझं मत बदललं ते एवढंच: जे जगात आणखी कुणीतरी बांधतंय ते त्यांच्याकडून घ्यावं, आणि जे फक्त आपल्याकडे आहे त्याचं पॅकेज पहिल्या दिवशी करावं. पहिल्याने इंजिनऐवजी मॉडेलचं पॅकेज केलं असतं, त्याला वेगळं नाव दिलं असतं, तर रात्रीच्या टेसरॅक्टने 'मार-जुनी' सापडत नाही म्हणून एप्रिलमध्येच काम थांबवलं असतं. एका रात्रीचं काम गेलं असतं, तीन पुस्तकं नाही.

क्रॉनमधली ती ओळ मालकांच्या सांगण्यावरून घातली आणि तिथेच थांबले असते तर? प्रामाणिकपणे सांगायचं तर जुलैची मुदत पाळली गेली असती. तीन नंबरचं वेगळं मॉडेल मात्र तसंच राहिलं असतं. मालक अजून अधूनमधून मला हे ऐकवतात, आणि माझ्याकडे दरवेळी पटेल असं उत्तर नसतं.

डेटा पॅकेज सध्या सहाव्या आवृत्तीवर आहे. बदलांच्या नोंदी आता ऑपरेटर लिहितो, बांधतोही तोच. शेवटची नोंद गेल्या महिन्यातली: "काकूंनी दिलेल्या ४० ओळी जोडल्या. कऱ्हाड, ऱ्हास, वऱ्हाड. तपासलं, शोधल्यावर सापडतात."